टेबलाखालचं पाणी

डिसेंबर लागला तसं एतेल्विनाने पुढच्या खोलीतल्या खुर्च्या मागे हलवल्या, दोन मोठी टेबलं भिंतीला जोडून लावली आणि अरण्य उभारायला घेतलं. मोंगी गावात येशूजन्माचा देखावा घरोघरी होतो, पण लोक दाराबाहेर ताटकळत उभे राहायचे ते एतेल्विना लादिनोच्याच घरी. तिचा गोठा, मेंढपाळ, उंटांवरचे राजे कुठेतरी कोपऱ्यात असायचे. बघण्यासारखं असायचं ते अरण्य. ओकची शेकडो झाडं, नेचे, वेली, डोंगराच्या अंगावर उतरलेलं कापसाचं धुकं, आणि त्या सगळ्यातून खळखळत येणारा खराखुरा ओढा.

झाडं ती स्वतः करायची. बारीक तारा पिळून खोड, खोडावर गोंद आणि लाकडाचा भुसा, आणि पानांसाठी हिरव्या रंगात बुडवून वाळवलेला, मिक्सरमधून काढलेला स्पंज. पूर्वी वरच्या माळरानावरून शेवाळ आणत असत. त्यावर बंदी आली तेव्हा गाव हळहळलं. एतेल्विनाला मात्र बरंच वाटलं. खरं शेवाळ मन मानेल तसं सुकायचं, पिवळं पडायचं. स्पंज तिचं ऐकायचा.

यंदाही अरण्य ठरल्यासारखं उभं राहिलं. पाणी मात्र काही केल्या वाहीना. टेबलाखालच्या बादलीतला पंप घरघरायचा, नळीतून पाणी डोंगरमाथ्यावर चढायचं, पहिलं वळण घ्यायचं आणि दुसऱ्या वळणावर तुंबून काठाबाहेर सांडायचं. डोंगराचा पायथा भिजून लापशी झाला. शेजारच्या मिर्यामचा जावई येऊन खटपट करून गेला, तर पाणी थेट फरशीवर आलं.

"बाई, ज्याचं काम त्याला बोलवा," मिर्याम पोछा पिळत म्हणाली. "सोगामोसो काही चंद्रावर नाही. बसने अर्धा तास."

"त्यांना तिकडे काम असतं," एतेल्विना म्हणाली.

"हो, असेल की," मिर्याम म्हणाली, आणि पुढे बोलली नाही. तेच एतेल्विनाला जास्त लागलं.

ज्याचं काम तो म्हणजे एलिओदोरो, तिचा नवरा. अर्ध्या गावासारखा तोही फुटबॉल शिवायचा. दाभण, मेण लावलेला दोरा, गुडघ्यांमध्ये धरलेला चेंडू, असा त्याचा जन्म गेला. ओढ्याचं पात्रही चेंडूंमधूनच आलेलं. फाटलेल्या चेंडूंचे ब्लॅडर कापून, सोल्युशनने एकमेकांना चिकटवून त्याने एक लांबलचक पन्हाळ केली होती. दगडांखाली ती अशी दडलेली असायची की पाणी मातीतूनच वाहतंय असं वाटावं. देखावा उघडला की एतेल्विना नवी शाल घेऊन पुढे उभी राहायची, छडीने एकेक झाड दाखवायची. एलिओदोरो टेबलाखाली आडवा असायचा. नळी निसटली तर धरायची, बादली कमी झाली तर भरायची. कधी त्याला ठसका लागायचा, आणि बघायला आलेलं कुणी म्हणायचं, "एतेल्विनाबाई, तुमच्या डोंगराला सर्दी झाली वाटतं!" सगळे हसायचे. टेबलाखालूनही हसू यायचं.

यंदा मार्च महिन्यात एका सकाळी कॉफी पिता पिता तो म्हणाला, "ब्लासिनाताईचं एकटीने होत नाही आता. सोगामोसोला तिच्याकडे जातो."

"जा की," एतेल्विना म्हणाली. "किती दिवस?"

"बघू."

त्याने दाभणं आणि सुया एका पिशवीत भरल्या, खांद्यावर लोकरी रुआना टाकला आणि गेला. भांडण नाही, तंटा नाही. ईस्टर आला, गेला. एतेल्विना लोकांना सांगत राहिली, नणंदेची तब्येत बरी नसते. खरं तर ब्लासिना दारात बसून सकाळ-संध्याकाळ मक्याच्या भाकऱ्या विकत होती आणि गिऱ्हाइकांशी हुज्जत घालत होती, हे मोंगीतल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. दुसरी बाई असती तर एतेल्विनाला निदान कुणाला तरी शिव्या घालता आल्या असत्या. तीही नव्हती.

शेवटी नाताळाआधीच्या नऊ दिवसांच्या नोव्हेना प्रार्थना तोंडावर आल्या, ओढा कोरडाच, तेव्हा तिने बस धरली. वाटेत तिने मनाशी सगळं जुळवलं. आधी पाण्याचं काढायचं. मग सहज बोलल्यासारखं म्हणायचं: पुरे आता, चला घरी.

ब्लासिनाचं दार सताड उघडं होतं आणि आतून पोरांचा गलका येत होता. एतेल्विना बोळातून अंगणात गेली आणि उंबऱ्यावरच थबकली.

कपडे धुवायच्या टाकीपासून थेट पीचच्या झाडापर्यंत जमिनीवर अरण्य पसरलं होतं. अरण्य कसलं, नुसता पसारा. पाइनच्या डहाळ्या मातीत खोचलेल्या, मध्येच बटाट्याची रोपं, घरापेक्षा मोठी मेंढी, मेंढीपेक्षा लहान घोडा, आणि गोठ्याच्या दारात कुणीतरी प्लास्टिकचा डायनासोर राखणीला बसवलेला. मापाचा कुठे पत्ता नाही. एतेल्विनाचे हात शिवशिवले.

पण पाणी! टाकीतून निघून ते दोन वाटांनी फुटत होतं, पुन्हा गळ्यात गळा घालून एक होत होतं, एका दगडाखाली गडप होत होतं आणि कुणाच्या ध्यानीमनी नसलेल्या जागेतून उसळून वर येत होतं. ते वर आलं की पोरं ओरडत होती. कोपरापर्यंत हात घालून कुणी बांध घालत होतं, कुणी सालीची होडी सोडत होतं. आणि या सगळ्याच्या मधोमध, ठेंगण्या स्टुलावर, टोपी मागे सारून एलिओदोरो बसला होता. एका पोराच्या बापाला तो हातवारे करून काही समजावत होता. उताराबद्दल, पाण्याला घाई झाली की ते कसं काठ सोडतं त्याबद्दल. तो बोलतच होता. इतका वेळ सलग बोलताना एतेल्विनाने त्याला कधी ऐकलं नव्हतं.

"आजी, तुम्हीपण हात घाला," एक चिमुरडी तिला म्हणाली. "इथे चालतं."

तेव्हा एलिओदोरोने वर पाहिलं. तो उठला, ओले हात पँटला पुसले.

"अरे, एतेल्विनाबाई! या ना. बसा."

एतेल्विनाने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. लग्नानंतर त्याने तिला कधी 'तू' सोडून हाक मारली नव्हती.

ती बसली. पाण्याचं काढलं.

"पाणी चढतंय हो, पण दुसऱ्या वळणाला सांडतं."

"उतार कमी पडला असेल. दगड उचलून बघितलेत?"

"नाही."

"रविवारी येतो. कोरडा नाही राहायचा तुमचा ओढा."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला काहीतरी बोलता आलं असतं. तेवढ्यात पोरांनी बांध फोडला, कुणाचे तरी बूट भिजले, आणि तो धावला. बसमध्ये जुळवलेलं वाक्य तसंच राहिलं.

ब्लासिनाने तिला स्वयंपाकघरात नेलं, गरम चॉकलेटचा कप आणि चीजचा तुकडा पुढे ठेवला आणि समोर उभी राहिली.

"तू सगळीकडे सांगतेस म्हणे, मी आजारी असते. मेले नाही हे नशीब!"

"ताई, मग हे इथे का आले?"

"मला विचारतेस? मीही विचारलं त्याला. एवढंच म्हणाला, तिकडे मी नुसतं पाणी सोडतो."

एतेल्विनाच्या हातात कप तसाच राहिला. गेल्या डिसेंबरची संध्याकाळ तिला आठवली. तुंहा शहरातून आलेली एक बाई होती, चांगल्या कपड्यातली. ओढ्याची वळणं पाहून हरखली होती. हे कसं जमवलं, असं विचारत होती. एलिओदोरो नेमका टेबलाखालून बाहेर आला होता. बाह्या ओल्या, केसांत भुसा, चेहरा फुललेला. "त्याचं असं आहे बाई, उतार जर..." त्याने सुरुवात केली, आणि एतेल्विना हसत म्हणाली होती, "त्यांना काय विचारता? ते नुसतं पाणी सोडतात." खोली हसली. तोही हसला आणि पुन्हा वाकून टेबलाखाली गेला. त्यानंतर तिने अरण्याची माहिती सांगितली होती, आणि त्या बाईने तिचं फार कौतुक केलं होतं.

गंमत केली होती तिने. पण अशा गमती तिने किती वर्षं केल्या होत्या, ते आता तिला एकामागून एक दिसू लागलं.

"पी ना, निवतंय," ब्लासिना म्हणाली. आता तिचा आवाज मऊ झाला होता.

रविवारी एलिओदोरो सांगितल्याप्रमाणे आला. रुआना खुंटीला अडकवला, बाह्या सारल्या, टेबलाखाली शिरला. एतेल्विना त्याला हवं-नको ते द्यायला जमिनीवर बसली. या बाजूने तिने आपलं अरण्य कधी पाहिलंच नव्हतं. खाली अंधार होता, खिळ्यांची टोकं होती, ओल होती. माणसाला कुशीवर वळायलाही जागा नव्हती. आणि फरशी बर्फासारखी गार. इथे तो महिनाभर पडून असायचा. एवढ्या वर्षांत एक चटई टाकायचं तिला सुचलं नव्हतं.

ती उठली, आतून घोंगडी घेऊन आली. "ही घ्या अंगाखाली."

"नको नको, भिजेल ती."

"भिजू दे की."

"चांगली आहे हो घोंगडी. राहू दे." आणि तो कामाला लागला.

दुसऱ्या वळणाखाली त्याने लाकडाची चीप सरकवली, पन्हाळीचा एक सांधा उसवून नव्याने चिकटवला, सोल्युशन वाळेपर्यंत अंगठ्याने दाबून धरला. मग म्हणाला, "सोडा." एतेल्विनाने पंपाचं बटण दाबलं. पाणी वर चढलं, पहिलं वळण, दुसरं वळण, आणि ओकच्या झाडांमधून उतरून सुळकन खालच्या डोहात पडलं. दोघं ऐकत राहिली. तो टेबलाखाली, ती वर.

"यंदा लोकांना तुम्हीच सांगा ओढ्याचं," एतेल्विना म्हणाली. "पुढे उभं राहून. मी मागे बसते."

तो सावकाश बाहेर आला. गुडघ्याला हात लावून उभा राहिला.

"तिकडे पोरं वाट बघतात हो. रोज नवं काहीतरी करायचं असतं त्यांना."

"त्या दिवशी मी, ती तुंहाची बाई आली होती तेव्हा..."

"राहू द्या आता," तो म्हणाला. फार हळू म्हणाला, जसं झोपलेल्या माणसाजवळ बोलावं तसं. "त्याने आता काही व्हायचं नाही, एतेल्विनाबाई. उगाच तुमच्या जिवाला त्रास."

तिने गव्हाच्या कण्यांचं, डुकराच्या हाडांचं सूप केलं होतं, त्याच्या आवडीचं. तो दोनदा घेऊन जेवला, चव छान आली आहे म्हणाला, भांडी उचलायला लागला तेव्हा तिने नको म्हटलं. दुपारच्या बसने तो परत गेला.

देखावा झाला. लोक आले, वाखाणून गेले. ओढ्याचं कुणी विचारलं की एतेल्विना सांगायची, हे एलिओदोरोचं काम, तो फार हुशार आहे यात. लोक मान डोलवायचे आणि एकमेकांकडे बघायचे. कौतुक ऐकायला तो नव्हता, आणि त्याच्या मागे केलेल्या कौतुकाला तिच्याच कानात काही अर्थ लागत नव्हता.

पुढच्या वर्षी तो पुन्हा येऊन पाणी लावून गेला. त्याच्या पुढच्या वर्षी गुडघे त्याला वाकू देईनात. त्याने निरोप पाठवला, माफ करा. एतेल्विनाने त्या डिसेंबरात टेबलं मांडलीच नाहीत. झाडं खोक्यांत भरली, आणि नाताळच्या आदल्या दिवशी ती खोकी घेऊन सोगामोसोला गेली.

अंगणातल्या पोरांनी खोक्यांवर झडप घातली. तिचे ओक कुणी पाण्याच्या ऐन मधोमध रोवले, कुणी उलटे खोचले, एकाने तर डायनासोरच्या पाठीवर बांधले. एतेल्विनाने ओठ घट्ट मिटून घेतले. मग एका पोरीने विचारलं, "हे झाड कसं केलं?" तेव्हा ती खाली मातीत बसली आणि तार कशी पिळायची ते तिने दाखवलं. स्पंजची पानं भिजून गळत होती, तिच्या स्कर्टला चिखल लागला होता. तिला बरं वाटत होतं, आणि हे बरं वाटणं आपल्याच घरात, आपल्याच माणसाबरोबर किती सहज होण्यासारखं होतं, हा विचार मधूनच टोचत होता.

एलिओदोरोने सगळ्या पाहुण्यांबरोबर तिलाही दालचिनी भुरभुरलेल्या नातिल्याची, नाताळातल्या दुधाच्या घट्ट खिरीची, बशी दिली. "गोड झालीय ना?" त्याने विचारलं.

"झालीय," ती म्हणाली.

उन्हं कलली तशी ती निघाली. तो थांब्यापर्यंत लंगडत सोबत आला, तिची पिशवी बसमध्ये चढवून दिली. वाटेत ते भाकऱ्यांच्या धंद्याबद्दल, मिर्यामच्या जावयाबद्दल आणि यंदाच्या थंडीबद्दल बोलले.

"सांभाळून जा हो," तो म्हणाला.

"तुम्हीही," ती म्हणाली.

खिडकीजवळ बसून तिने काचेवरची वाफ पुसली, तर तो वळून चालायलाही लागला होता. अंगणात पाणी चालू होतं, आणि पोरं एकटी होती.