मैदानावर उरलेला खांब

मित्रांनो, चांदूर बाजारच्या बाजूला एक गाव आहे. तिथल्या शाळेचे फाटक उघडून आत आलात, की कडुनिंबापासून पंधरा-वीस पावलांवर एक लाकडी खांब दिसेल. मोठ्या माणसाच्या छातीला लागेल एवढा. त्यावर बहुधा कुणाचा तरी ओला टॉवेल वाळत असतो. तो खांब म्हणजे मी. खो-खोचा जुना खांब.

परतवाड्याच्या लाकूडबाजारातल्या सागवानातून मला घडवले. सुताराने मला गोल केले आणि दोन दिवस पॉलिश पेपरने घासले. कुठे बारीकशी धारही राहू दिली नाही, कारण माझ्यावर मुलांचे हात पडणार होते. मग मला जवसाचे तेल पाजले. माझ्यासारखाच एक दुसरा खांब त्याने केला आणि आम्हा दोघांना मैदानाच्या दोन टोकांना पुरले. आम्ही एकमेकांशी कधी बोललो नाही, पण समोर तो आहे हे मला सतत ठाऊक असे.

खो-खोत पळणारा गडी भरधाव येतो, एका हाताने खांब धरतो आणि गर्रकन वळतो. तेवढ्या क्षणात मला त्याचा सगळा हात कळतो. तो घाबरला आहे का, थकला आहे का, तापाने फणफणला आहे का, सगळे कळते. सांगता मात्र येत नाही.

परवीन मॅडम शाळेत आल्या तेव्हा मी नवाच होतो. अमरावतीला शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन आलेल्या, सडपातळ, ओढणी कमरेला घट्ट बांधणाऱ्या. पहिल्याच तासाला दोन दांडगी मुले पुढे आली आणि आपापला संघ निवडू लागली. मॅडमनी त्यांना थांबवले.

"ज्याले खेळता येते तो गल्लीतही खेळून घेते," त्या म्हणाल्या. "त्याच्यासाठी मी कायले पाह्यजे? ज्याले कोणी संघात घेत नाही, त्याच्यासाठी माझा तास आहे."

त्यानंतर निवडानिवड बंद झाली. जाड मुले, लाजाळू मुली, पाय ओढत चालणारा एक जण, सगळे खो-खोच्या पाटीवर, रांगेत बसू लागले. आणखी एक रीत मॅडमनी लावली. डाव संपला की साऱ्यांनी दोन बोटे मानेला लावून पंधरा सेकंद आपली नाडी मोजायची. मॅडम एकेकापाशी जात, चेहरा पाहत, आकडा वहीत लिहीत. नवे शिक्षक हसत. एकाने विचारलेही, "मॅडम, तुमी पीटी शिकवता का दवाखाना चालवता?"

"सर, पोराले पायथागोरस माहीत आहे, पण सोताचं काळीज किती वेळा ठोकते ते माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. "जन्मभर ज्याच्यात राह्यचं ते घर तरी त्याले पाहू द्या."

ते दिवस चांगले होते. आमच्या मुली तालुक्याला जिंकल्या, जिल्ह्याला हरल्या. दसऱ्याला शिपाई जानरावभाऊ आम्हा दोघांना झेंडूची माळ घालत आणि मुले टाळ्या वाजवत.

त्या काळात सहावीत आचल नावाची मुलगी आली. काटकुळी आणि बडबडी. ती खांबाभोवती अशी वळे, की हात लागला की नाही असा मलाच प्रश्न पडे. मॅडम तिच्याकडे पाहून नुसत्या हसत. "हिले शिकवाचं काही नाही, फक्त मोकळं सोडाचं," असे त्या जानरावभाऊंना म्हणत.

मग एका वर्षी दहावीचा निकाल घसरला. मुख्याध्यापक नारायण सर वाईट माणूस नव्हते. पण संस्थेची बोलणी त्यांना खावी लागली. त्यांनी आठवी-नववीचे खेळाचे तास गणित आणि विज्ञानाला दिले. मॅडमच्या हाती ऑनलाइन माहिती भरायचे काम आले. त्या ऑफिसात संगणकापुढे बसू लागल्या. स्कूल बससाठी शेड हवी होती, म्हणून समोरचा खांब उपटला गेला. मित्रांनो, एका खांबावर खो-खो होत नाही. त्या दिवसापासून मी नुसते लाकूड झालो.

आचल आता नववीत होती. मधल्या सुट्टीत ती कधी कधी एकटीच माझ्यापाशी येई. आता ती वळत नसे, मला धरून उभी राही. तिचे तळवे गार आणि ओलसर असत. पायऱ्या उतरून आली तरी तिला धाप लागलेली असे आणि तळहातातून तिच्या काळजाची धडधड माझ्यापर्यंत पोचे. वीस पावलांवर, ऑफिसच्या खिडकीत, मॅडम मान खाली घालून काहीतरी टाइप करत असत. मॅडम, एकदा इकडे पाहा, असे मला ओरडावेसे वाटे. पण खांब कसा ओरडणार?

अशातच फिटनेस चाचणीचे फर्मान आले. प्रत्येक मुलाला सहाशे मीटर पळवायचे, वेळ मोजायची आणि ऑनलाइन भरायची. त्या दिवशी ऑफिसातली वीज गेली होती, म्हणून मॅडम मोबाइल घेऊन कडुनिंबाखाली बसल्या होत्या. नारायण सर तिथे आले.

"मॅडम, परवा शेवटची तारीख आहे. मागच्या वर्षीचे आकडे थोडे मागेपुढे करून टाकून द्या."

"सर, मागच्या वर्षीही पोरं पळाले नाहीत."

"मग अंदाजानं टाका."

"मले दोन दिवस द्या ना सर. मी एकेकाले पळवते."

"आणि तास कोणाचे घेता? घटक चाचणी सुरू आहे." सरांचा आवाज उतरला. "मले काय आवडते का हे? पण साऱ्याच शाळा असंच करून राहिल्या. तुमी एकट्या काय कराल, मी एकटा काय करीन?"

सर गेले. मॅडमनी मोबाइलवर यादी उघडली. मग त्यांनी भरायला सुरुवात केली. एक नाव, एक आकडा. चाचणी न घेता. आचलचे नाव आले तेव्हा त्या थांबल्या. स्वतःशीच हसल्या. सहावीतली ती वाऱ्यासारखी मुलगी त्यांना आठवली असणार. त्यांनी तिला साऱ्या मुलींपेक्षा चांगली वेळ दिली. मायेनेच दिली.

जानेवारीत क्रीडादिन ठरला. पाहुणे येणार होते. नारायण सरांनी ऑनलाइन यादीतल्या चांगल्या वेळेच्या सहा मुली सहाशे मीटरसाठी निवडल्या. पहिले नाव आचलचे होते. ते नाव मॅडमना त्या सकाळीच कळले. चुना टाकता टाकता त्या सरांकडे धावल्या.

"सर, हे आकडे खरे नाहीत. तुमाले माहीत आहे."

"मॅडम, हळू बोला." सरांनी मंडपाकडे पाहिले. पाहुणे खुर्च्यांवर बसत होते. "आता यांच्यापुढं काय सांगू? एक चक्कर पळतीन अन् थांबतीन. काय होते त्यानं?"

मॅडम परत वळल्या, तर समोर आचल. नवीन रिबिनी बांधलेल्या, चेहरा फुललेला.

"मॅडम, तुमी माह्यं नाव देलं! मले वाटलं तुमी मले भुलून गेल्या!"

तुझी वेळ मी खोटीच लिहिली आहे, असे मॅडमनी त्या आनंदी मुलीला कुठल्या तोंडाने सांगायचे? त्यांनी तिच्या केसांवरून हात फिरवला. "हळू पळजो बेटा. दम लागला का थांबून जाजो."

पण आचल थांबणारी नव्हती. पहिल्या फेरीला ती सर्वांच्या पुढे होती. दुसऱ्या फेरीला तिचे ओठ पांढरे पडले. तिसऱ्या फेरीला ती रेघ सोडून वेडीवाकडी आत आली, दोन्ही हातांनी मला कवटाळले आणि घसरत खाली बसली. तिचे हात बर्फ झाले होते. मी तिला धरू शकत नव्हतो, मित्रांनो. मी फक्त उभा होतो.

मॅडम धावत आल्या. तिच्या मानेला बोटे लावली आणि त्या किंचाळल्या, "जानरावभाऊ, गाडी काढा!"

आधी चांदूर बाजारचा दवाखाना, तिथून अमरावती. पुढचे मी जानरावभाऊंच्या तोंडून ऐकले. आचलच्या अंगात रक्त, म्हणजे हिमोग्लोबिन, निम्म्याहूनही कमी उरले होते. डॉक्टर म्हणाले, कित्येक महिन्यांपासून कमी होत आले असेल, हिला धाप लागते हे कुणाच्याच लक्षात कसे आले नाही? तीन बाटल्या रक्त दिले. ती वाचली.

दवाखान्यात मॅडमनी आचलच्या आईला, मायाताईंना, सगळे खरे सांगितले. ती वेळ मनाने लिहिली, हेही सांगितले. मायाताईंनी आरडाओरडा केला नाही. त्या एवढेच म्हणाल्या, "आता तिले पळवू नका वो मॅडम. मी हात जोडते."

मॅडमना वाटले होते, आता तरी खेळाचे तास परत मिळतील, कारण तास असते तर हे आधीच कळले असते. त्यांनी तसा अर्जही लिहिला. पण संस्थेने वेगळाच धडा घेतला. क्रीडादिन कायमचा बंद झाला. मैदानात पळायला मनाई झाली. गोळा, थाळी, दोरी, सारे कपाटात गेले आणि किल्ली ऑफिसात.

महिन्याभराने आचल शाळेत आली. तिच्या हातात आईचा अर्ज होता. पुढे खेळ सुरू झाले तरी शारीरिक शिक्षणातून कायमची सूट. खाली मॅडमची सही हवी होती. गोळ्या घेऊन रक्त वाढले की मुलीला खेळू द्या, असे डॉक्टरांनी स्वतः सांगितले होते. मॅडमनी ते आचलला सांगितलेही.

"आई नाही म्हणते," आचल पुटपुटली. "मॅडम, तुमी सांगा ना तिले."

मॅडमनी पेन हातात घेतला, खाली ठेवला, परत घेतला. ज्या हाताने खोटा आकडा लिहिला, त्या हाताने त्या माउलीला कोणत्या हक्काने नाही म्हणायचे? त्यांनी सही केली. आचल कागद घेऊन पायऱ्यांवर जाऊन बसली. मॅडम माझ्यापाशी आल्या आणि घंटा होईपर्यंत मला टेकून उभ्या राहिल्या.

आज मला वाळवी लागली आहे. उन्हाळ्यात मलाही काढतील, असे ऐकतो. त्याचे मला फारसे दुःख नाही.

पण मित्रांनो, वेळापत्रकात खेळाचा तास लिहिलेला असेल, तर तो मागून घ्या. चार पावले चालून धाप लागत असेल, तर लाजू नका, आईला सांगा, बाईंना सांगा. शेजारचा मित्र खांबाला टेकून उभा राहू लागला असेल, तर त्याला विचारा, काहून रे, काय होऊन राहिलं? मी आचलचा हात रोज ओळखत होतो आणि गप्प उभा होतो, कारण मला तोंड नाही. तुम्हाला आहे.