कडुलिंबावर टांगलेलं डालगं

मित्रांनो, मी एक जुनं डालगं आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलंही नसेल. कोंबड्या झाकून ठेवायला बांबूच्या कामट्यांची घुमटासारखी मोठी टोपली असते ना, तेच मी. तोंड खाली, पाठ वर आणि पाठीवर मधोमध हात आत जाईल एवढं भोक. सध्या मात्र मी उलटा आहे आणि जमिनीवरही नाही. खटकचिंचोळीत गुंडेरावांच्या अंगणातल्या कडुलिंबाला मी टांगलेला आहे. ऊन खाऊन खाऊन माझ्या कामट्या काळ्या पडल्या आहेत. वारा सुटला की अंग करकरतं. खरं सांगायचं तर आता बोलायचाही शीण येतो. पण एवढं एक सांगायचं राहिलं आहे, ते सांगतो.

माझा जन्म भालकीचा. ईरण्णा बुरूड रस्त्याच्या कडेला बसून बांबू चिरायचा. कधी कामटीनं त्याचं बोट कापायचं. मग तो बोट तोंडात धरून घटकाभर बसायचा आणि पुन्हा विणायला लागायचा. बाजाराच्या दिवशी चंद्रभागाबाई आल्या. त्या तेव्हा तरुण होत्या. त्यांनी मला उचलून, उलटंपालटं करून, बोटांनी दाबून बघितलं.

"अण्णा, आवळून विणलाव का न्हाई? आमच्याकडं मुंगसं लई हैत."

ईरण्णानं मला उपडं घातलं आणि स्वतःच माझ्यावर बसला. "बघा अक्का. मोडलं तर परत आणा."

मी मोडलो नाही. बसच्या टपावरून मी खटकचिंचोळीला आलो आणि त्या संध्याकाळपासून कामाला लागलो. रोज दिवस मावळला की चंद्रभागाबाई "या, या" करत कोंबड्या गोळा करायच्या आणि मला त्यांच्यावर पालथं घालून वर दगड ठेवायच्या. मुंगूस येऊन नखांनी ओरबाडायचं. मी अंग घट्ट धरून राहायचो. आत कोंबडीच्या पंखाखाली पिल्लं चिवचिव करत झोपी जायची. शेजारणी म्हणायच्या, "चंद्रभागाबाईची कोंबडी कधी मुंगसानं नेली न्हाई बघा." ते ऐकून मला बरं वाटायचं. ते दिवस चांगले होते, पण झोप कधी पुरी झाली नाही.

पुढं एका उन्हाळ्यात मानमोडी आली आणि सगळ्या कोंबड्या माना टाकून गेल्या. नंतर नव्या कोंबड्या आल्या, पण त्यांच्यासाठी जाळीचं लोखंडी खुराडं आलं. माझी गरज उरली नाही. कधी माझ्यावर मिरच्या वाळत घातल्या, कधी गोवऱ्या झाकल्या. मग तेही थांबलं. गोठ्याच्या भिंतीला टेकून, कडुलिंबाखाली मी पडून राहिलो. कोळ्यांनी जाळी केली. मला वाटलं, चला, सुटलो एकदाचा.

या वर्षी चैत्रात गुंडेराव कुऱ्हाड घेऊन कडुलिंबावर चढले. गोठ्याच्या पत्र्यावर एक वाळकी फांदी आली होती आणि वळवाच्या वाऱ्यात ती पत्र्यावर कोसळेल असं त्यांना वाटत होतं. फांदी तुटली, खाली आली आणि दगडावर आपटून उभी फुटली. आत ढोली होती. ढोलीत पिंगळ्याची, म्हणजे छोट्या घुबडाची, दोन पिल्लं होती.

एक जागीच गेलं. दुसरं धुळीत बसलं होतं. अंगावर राखाडी लव, पंखांची नुसती सुरुवात आणि तोंडापेक्षा मोठे वाटावेत असे पिवळे डोळे. ते हलत नव्हतं. फक्त चोचीनं टकटक आवाज करत होतं.

गुंडेरावांची सून शिवकन्या पाणी भरत होती. ती घागर ठेवून धावली. तिला पाचवा महिना होता. तिच्या मागून चंद्रभागाबाई आल्या, आणि पिल्लू बघताच त्यांनी पदर तोंडावर धरला.

"अगं बाई! पिंगळा! शिवकन्या, तू आत जा. बघू नगंस त्याच्याकडं."

"आत्याबाई, पिल्लू हाय. पडलंय."

"आत जा म्हनले न्हवं?" मग त्या नवऱ्याकडं वळल्या. "आवं, पोत्यात घाला ते आन् वढ्यापल्याड टाकून या."

गुंडेराव झाडावरून उतरले होते. त्यांचा गुडघा दुखत होता. त्यांनी पोतं आणलं.

"मामा, वढ्यापल्याड कुत्री हैत," शिवकन्या म्हणाली. "ते जित्तं हाय अजून."

"असू दे!" चंद्रभागाबाई ओरडल्या. त्यांचा आवाज चिरकला. "माझं पहिलं लेकरू कसं गेलं ठाव हाय का तुला? ह्योच पत्र्यावर बसून वरडत व्हता. सकाळी लेकरू गार. आता तुझ्या पोटात हाय, आन् हे दारात आलंय. मी काय म्हनू?"

इतकी वर्षं मी त्या घरात होतो, पण त्या लेकराबद्दल त्यांच्या तोंडून एक शब्द मी ऐकला नव्हता. गुंडेरावांनी हातातलं पोतं खाली ठेवलं.

"त्याला ताप व्हता, चंद्रा," ते हळूच म्हणाले. "तीन दिस दूध पीत नव्हतं."

"ताप तर व्हताच," त्या म्हणाल्या आणि पायरीवर बसल्या.

तेवढ्यात कावळे आले. एक तर पिल्लाच्या अगदी जवळ उतरला. शिवकन्येनं इकडंतिकडं बघितलं आणि मला भिंतीपासून ओढलं. कोळ्याची जाळी तिच्या हाताला चिकटली. तिनं मला पिल्लावर पालथं घातलं. कावळे उडाले. किती दिवसांनी माझ्या पोटात काहीतरी श्वास घेत होतं! मला आनंद झाला असं मी म्हणणार नाही. आता पुन्हा जागावं लागणार, एवढंच मनात आलं.

शिवकन्येनं वाटीत दूध आणलं, कापसाची वात भिजवली आणि भोकातून हात घालून पिल्लाच्या चोचीत पिळली. पिल्लू ठसकलं. नाकातून दुधाचे बुडबुडे आले आणि मान एका बाजूला झुकली. ती घाबरली. तिनं भालकीच्या गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर हर्षितांना फोन लावला. म्हैस आजारी असताना त्या येऊन गेल्या होत्या. फोन मोठ्यानं बोलत होता, म्हणून मलाही ऐकू आलं.

"आधी दूध बंद करा," डॉक्टर म्हणाल्या. "पाणीसुद्धा तोंडात घालू नका. पाखराच्या जिभेमागंच श्वासाची वाट असते, घातलेलं थेट तिथं जातं. आता काय करतंय?"

"शिंकलं. मान उचलायलंय."

"बरं. रक्त आलंय? पंख, पाय लोंबतोय? मांजरानं धरलं होतं का?"

"न्हाई. काहीच न्हाई."

"तसं असतं तर लगेच घेऊन या म्हटलं असतं. पण धडधाकट आहे, तर त्याला त्याच्या आईकडं द्या."

"आई कुठं हाय म्याडम? ढोलीच तुटली की."

"तिथंच असेल. झाडात कुठंतरी बसून तुमच्याकडं बघत असेल. घरात टोपली आहे ना? त्याच झाडाला बांधा, उंच आणि सावलीत. तळाला सुका पाला घाला. पिल्लाला फडक्यानं धरून आत ठेवा आणि मग सगळे घरात जा. तुम्ही तिथं उभ्या राहिलात तर ती येणार नाही."

पायरीवरून चंद्रभागाबाई म्हणाल्या, "मानसाचा हात लागलेलं पिल्लू माय घेत न्हाई."

"घेते, आजी. हात लागला म्हणून कुणी आपलं लेकरू टाकतं का? आणि ताई, सकाळपर्यंत कुणीच आलं नाही, तर खोक्यात घालून माझ्याकडं आणा. घरात पाळू नका. कायद्यानं मनाई आहे, आणि जगायला शिकवायला त्याला त्याचेच आईबाप लागतात."

गुंडेराव दुखऱ्या गुडघ्यानं पुन्हा शिडी चढले. माझ्या पाठीवरचं भोक पोत्याच्या तुकड्यानं बुजवलं, मला उलटं करून चऱ्हाटानं दोन फांद्यांच्या बेचक्यात आवळलं, वर सावलीला दुसरा तुकडा बांधला. आयुष्यभर मी मातीकडं तोंड करून राहिलो होतो. पहिल्यांदाच मला आभाळ दिसलं. फार उजेड होता, सहन होईना. मग शिवकन्येनं फडक्यात गुंडाळलेलं पिल्लू खालून वर दिलं आणि गुंडेरावांनी ते माझ्यात ठेवलं. खाली बुंध्याभोवती त्यांनी बाभळीचे काटे रचले, बोका चढू नये म्हणून. सगळे आत गेले. दार लागलं.

दुपार सरली. पिल्लू पाल्यात दबून होतं. ते मधूनच चोच उघडायचं आणि बारीक किरकिर करायचं. त्याचा आवाज क्षीण होत चालला होता. दिवस मावळायला आला तसे दोन पिंगळे समोरच्या तारेवर येऊन बसले. ते तुटलेल्या फांदीच्या जागेकडं बघत. उडून तिथं यायचे, घिरटी घालायचे, परत तारेवर. माझ्याकडं बघून माना खालीवर करायचे, पण जवळ येत नव्हते. मी त्यांना अनोळखी होतो. ये बाई, असं मी मनात म्हणत होतो. मला सांभाळता येतं, भरवता येत नाही.

स्वयंपाकघराची खिडकी थोडी उघडली होती. आत चंद्रभागाबाई उभ्या होत्या. पिंगळ्यांचं ओरडणं त्यांना ऐकवत नव्हतं, त्यांनी कानावर पदर घट्ट ओढला होता. तरी त्या खिडकीतून हलल्या नाहीत. बोका काट्यांभोवती फिरायला लागला, तेव्हा खिडकीतूनच त्यांनी चप्पल भिरकावली. बोका पळाला. नेम चांगला होता.

मग माझ्या काठावर नखं रुतली. वजन म्हणाल तर कोंबडीच्या दोन अंड्यांएवढं. मादी होती. तिच्या चोचीत पाल होती. पिल्लानं तोंड उघडलं आणि असा काही आवाज केला, की मघाचं ते हेच का, असं वाटावं. ती गेली, परत आली. मग दुसराही आला.

"आली," खिडकीतून चंद्रभागाबाई म्हणाल्या. त्यांच्या मागं शिवकन्या येऊन उभी होती. "बाप बी हाय संगं." एवढं बोलून त्यांनी खिडकी लावली आणि नंतर बराच वेळ आतून भाकरी थापायचा आवाज येत राहिला.

पिल्लू माझ्यात वाढलं. लव जाऊन ठिपक्यांची पिसं आली. माझ्या तळात पालींच्या शेपट्या, किड्यांचे पंख आणि घाण साचली. रोज संध्याकाळपासून पहाटेपर्यंत नखांची ये-जा. मी थकलो होतो, तरी कामट्या सोडल्या नाहीत. पुढं ते काठावर येऊन बसायला लागलं. मग शेजारच्या फांदीवर. आणि एका संध्याकाळी उडायला म्हणून झेपावलं आणि थेट अंगणाबाहेर रस्त्यावर पडलं.

गल्लीतला नागेंद्र मोटारसायकलवरून चालला होता. मुलगा चांगला आहे. त्यानं गाडी थांबवली, रुमाल टाकून पिल्लू उचललं आणि शर्टाच्या आत घेतलं.

"अरे, ते कुठं न्यायलास?" दारातून चंद्रभागाबाईंनी विचारलं.

"पडलंय अक्का. घरी नेतो, दूध-बिध पाजतो. हितं मांजर खाईल."

"ठेव खाली."

"आवं, मरंल की ते!"

"मरत न्हाई. ते पडलं न्हाई, शिकायलंय. पिसं बघ की त्याची. उडायला शिकताना पडणारच. त्याची माय वर बसलीय, बघ." त्या रस्त्यावर आल्या होत्या. पदर अजून तोंडावर होता आणि पिल्लाकडं त्या सरळ बघत नव्हत्या, पण हात पुढं केलेला होता. "कुंपनाच्या काट्यात ठेव. मांजराला मी बघते. तू जा आता, तू हितं हैस तवर ती यायची न्हाई."

नागेंद्रनं वर बघितलं. तारेवर मादी होती. त्यानं पिल्लू कुंपणात ठेवलं आणि गाडी ढकलत लांब नेऊन मग चालू केली. चंद्रभागाबाई काठी घेऊन दारात बसल्या. अंधार पडता पडता पिल्लू कुंपणावर चढलं, तिथून गोठ्यावर आणि तिथून आईच्या मागं पलीकडच्या चिंचेच्या झाडात दिसेनासं झालं. त्या उठल्या, आत गेल्या आणि शिवकन्येवरून मीठ-मोहऱ्या उतरून चुलीत टाकल्या. भीती अशी एका संध्याकाळात जात नाही, मित्रांनो. ती असतानाही त्या दारात बसल्या होत्या.

श्रावणात शिवकन्येला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. पिंगळे चिंचेत आहेत, लेकरू पाळण्यात आहे. कुणामुळं कुणाला काही झालं नाही.

मला वाटलं होतं, आता तरी खाली उतरवतील. गुंडेराव शिडी लावायला निघालेही होते. पण चंद्रभागाबाई म्हणाल्या, "असू द्या तिथंच. पुढच्या साली लागंल." म्हणून मी अजून इथंच आहे. पावसानं माझा तळ कुजला आहे. दोन कामट्या परवा गळून पडल्या. पुढच्या चैत्रापर्यंत मी टिकेन असं मला वाटत नाही.

म्हणून तुम्हांला विनवतो. कधी असं पिल्लू दिसलं, तर दुधाची वाटी आणायला धावू नका, खिशात घालून घरी नेऊ नका. आधी मान वर करून त्याचं घरटं आणि त्याची आई शोधा. पिसं फुटलेलं असेल तर त्याला शिकू द्या, फक्त मांजर-कुत्रं आवरा आणि लांब व्हा. उघडं-वाघडं असेल तर घरट्यात परत ठेवा. जखमी असेल तर जनावरांच्या डॉक्टरांना विचारा. आणि घरटंच मोडलं असेल, तर त्याच झाडाला एक टोपली बांधा. ती नवी असो, घट्ट विणलेली असो. माझ्यानं आता होणार नाही.