तुरटीचं गाव

चिंचोक्याची खळ शिजायला लागली की तिचा ओलसर, किंचित आंबट वास घरभर पसरतो, आणि त्या वासाच्या मधोमध गिरिजा बसली की ती मला बायको वाटायची नाही, ऋतू वाटायची. न बोलावता आलेला, आपल्या मुदतीपर्यंत राहणारा, आणि कुणाच्या रागालोभाला भीक न घालणारा. दसऱ्याची गर्दी उतरली की म्हैसूरचं ऊन मऊ होतं. चारच्या सुमाराला ते आमच्या खिडकीच्या गजांतून आत येतं आणि फरशीवर पट्टे ओढतं. त्या दिवशी त्या पट्ट्यांवर कापड अंथरलेलं होतं, त्याची दोन टोकं मी ताणून धरली होती, आणि ती गुडघ्यांवर बसून ठसा टेकवत होती. टेकवायचा, तळहाताच्या टाचेनं त्याच्या पाठीवर दोन ठोके द्यायचे, उचलायचा. तिच्या उजव्या हाताची करंगळी वाकडी होती. ठोका पडला की ती एकटीच वर राहायची, जेवणाच्या पंगतीत रुसून बसलेल्या पाहुण्यासारखी.

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम ते. त्यात विशेष काही नव्हतं. मी खळ ढवळून दिली, तुरटी विरघळवून तिच्यात ओतली, कापड धरलं, आणि कामाला नावं ठेवली.

"खळीत गेरू घाल की. कुठं छापलंस ते तुलाच दिसायचं नाही."

तुरटीचं असंच असतं. छापली तरी पाहणाऱ्याला कापड कोरंच दिसतं. ते मंजिष्ठेच्या मुळ्यांच्या उकळत्या पाण्यात गेलं, की जिथं तुरटी तिथं तांबडा रंग धरतो आणि बाकीचा धुऊन जातो. म्हणून आम्ही रंगारी लोक खळीत चिमूटभर गेरू टाकतो, हात कुठं फिरला ते कळावं म्हणून.

"मला दिसतंय," ती म्हणाली. "तुम्हाला दिसू नये म्हणूनच घातला नाही. आता तोंड फिरवा."

"का म्हणून?"

"तुमचं घर छापतेय."

मी तोंड फिरवलं. मागं दोन ठोके पडले, मग थोडं थांबून दोन, मग बऱ्याच वेळानं पुन्हा दोन. म्हणजे तीन ठसे. घराचा एक, माझा एक, तिसरा कुणाचा? मी वळलो तेव्हा तिन्ही ठसे परातीतल्या पाण्यात, माझ्या बापाच्या बाकीच्या दहाबारा ठशांत मिसळून गेलेले होते.

"घरात आणखी कोण आहे?"

"चार दिवस दम धरा. कापड मुरू दे. पोरी तिथं पोचल्या की कळेल."

"तोवर तू मेलीस तर?" असंच बोलतो मी. पन्नास वर्षं असंच बोललो.

"मग हुडका," ती म्हणाली, आणि हसली.

ते कापड म्हणजे एक गाव होतं, खेळातलं. माझी नात मेघना हिनकलहून दर रविवारी तीन मैत्रिणींना घेऊन यायची आणि चौघी आमच्या पुढच्या खोलीत हा खेळ मांडायच्या. मांडायच्या म्हणजे काय, पट नाही, सोंगट्या नाहीत. एकीनं मुलूख सांगायचा, बाकीच्यांनी त्यात आपापलं एक माणूस घडवून फिरवायचं, आणि काही धाडस करायचं म्हटलं की वीस तोंडांचा फासा टाकून ते साधलं की फसलं ते ठरवायचं. मुलूख दुकानातून आणलेला नको, घरी रचलेला हवा, यात त्यांची सगळी मजा. मेघनानं आधी काळ्या दगडांचा किल्ला रचला होता, बर्फात. गिरिजा शेजारी बसून अवऱ्याच्या शेंगा सोलत होती. तिनं विचारलं, "एवढ्या मोठ्या किल्ल्यात धुणं कोण धुतं गं?"

"आय्यो आज्जी, ते कोण विचारतं!"

"मी विचारते. आणि तो राक्षस रोज सकाळी उठून काय करतो?"

पोरी म्हणाल्या, मग तूच सांग. पुढच्या रविवारी गोष्ट सांगणाऱ्याच्या जागेवर गिरिजा बसली, आणि दीड वर्ष उठली नाही.

तिचं गाव नदीकाठचं होतं, आणि नदी रोज वेगळ्या रंगाची वाहायची, कारण वरच्या अंगाला कुणीतरी कापड धूत होतं आणि ते कोण हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. तिथं एक नावाडी होता, ज्याला पोहता येत नव्हतं आणि हे फक्त नदीला ठाऊक होतं. एक सुईण होती, जी लग्नाच्या पंगतीत वाढायला कधी येत नसे, कारण निळीत मुरलेले तिचे हात पाहून लोक पान सारून उठत. माणूस घडवायचा तर, गिरिजा पोरींना सांगायची, त्याची तलवार केवढी ते नंतर. तो कुणासमोर खोटं बोलतो ते आधी सांगा. हे सांगताना तिचा आवाज खाली जायचा, कढ उतरलेल्या दुधासारखा शांत व्हायचा, आणि ज्या बाईनं माझ्या घरात दोन वाक्यं सलग बोललेली मला आठवत नाहीत, तिच्या तोंडून दुपारभर अख्खं गाव बोलत राहायचं. त्यात म्हातारे खोकायचे, पोरं हट्ट करायची, बायका पाण्यावरून भांडायच्या. मी आतल्या खोलीत सुपारी कातरत ऐकत असे. इतकी माणसं हिच्यात राहत होती आणि मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या गावाच्या वेशीवर अंतू म्हणून एक माणूस बसायचा. येईल त्याला अडवायचा, नाक वर करून विचारायचा, "कुणाचं खाऊन आलास?" ते माझं वाक्य. घसा खाकरणंही माझंच. पोरी हसून लोळायच्या.

"हा तर तुझा आज्जाच गं!"

"सुम्ने इरे," मेघना दबक्या आवाजात दटावायची, "ऐकतोय तो."

ऐकतच होतो. दुसऱ्या दिवशी मी तिची वही घेतली, ज्यात ते गाव लिहिलेलं होतं, आणि न्हाणीघरातल्या बंबात घातली. एकेक पान, तिच्या देखत. अंतूमुळे जाळली हे खरं, पण तेवढंच खरं नाही. मी तिसरीतून सुटलेला माणूस, तिची जोडाक्षरं मला लागत नव्हती. माझ्याबद्दल काय काय लिहिलंय ते मला वाचता येत नव्हतं, म्हणूनही जाळली. ती दारात उभी होती. रडली नाही. वही संपल्यावर म्हणाली, "पाणी तापलं असेल, अंघोळ करून घ्या."

त्या रविवारी खेळात वेशीवरच्या अंतूनं गावाची जन्ममृत्यूची वही जाळली, आणि गावातली माणसं आपापली वयं विसरली. पोरींना वाटलं, काय सुंदर कल्पना सुचली आज्जीला.

मग तिनं कापड धरलं. रंगारी सगळं करील, कापड जाळणार नाही. हे तिला पक्कं ठाऊक होतं. माळ्यावरून ठसे काढले, धुतले, आणि गाव तुरटीनं छापायला घेतलं. पोरींची माणसं चालत चालत जिथं पोचतील, तेवढ्याच जागेवर ती मंजिष्ठेच्या कढत पाण्याचा कुंचला फिरवायची, आणि कोऱ्या कापडातून विहीर वर यायची, किंवा एखादं घर, किंवा उंबऱ्यात बसलेलं कुणी. पोरी श्वास रोखून वाकायच्या. ऊन, वाफ, चार कपाळं आणि तिची वाकडी करंगळी. मी हळूहळू आतल्या खोलीतून बाहेर आलो, मग खळ ढवळायला लागलो, मग कापड धरायला. माफी मी मागितली नाही, तिनंही कधी दिली नाही. विचारलं फक्त एकदा, "त्या अंतूला घर नाही का? बारा महिने वेशीवरच बसतो." ती म्हणाली, "बघू."

आणि त्या दुपारी तिनं ते छापलं, आणि पहाटे ती गेली. झोपेत. कूस बदलावी तितका आवाज झाला.

उजाडेपर्यंत मुलगा आणि मेघना हिनकलहून आले. दारासमोर तीन दगडांची चूल मांडून तिच्या शेवटच्या अंघोळीचं पाणी तापवलं. बायकांनी तिला न्हाऊ घातलं, हिरवी साडी नेसवली. उरलेलं पाणी ओतून हंडा पालथा घालायचा, अशी आमच्यात रीत. शेजारची म्हातारी म्हणाली, "ओता ते पाणी, जाळ विझवा." मी मंजिष्ठेचा डबा आणला आणि त्या पाण्यात रिकामा केला. जाळात दोन लाकडं सारली. मग कापड आणलं.

मेघना धावत आली. "आज्जा, बेडा! बेडा आज्जा, नको! काल छापलंय, तूच म्हणालास ना? अजून मुरलं नाही. आज्जी दर वेळी चार दिवस सांगायची ना?"

"सांगणारी गेली. आता कुणाचे चार दिवस?"

"सगळं एकदम दिसलं तर खेळ संपतो! अर्धं गाव आम्ही बघितलंच नाही. मी चालवणार होते पुढं..." तिनं कापडाचं टोक धरलं. कालच्यासारखंच ते दोघांत ताणलं गेलं. मी हिसका दिला. ती पडली नाही, पण तिच्या हातातून सुटलं.

"अप्पा, वेड्यासारखा हुच्चपणा करू नका," मुलगा म्हणाला. "माणसं खोळंबलीत."

"खोळंबू देत. ती कुठं पळत नाही."

हे मी बोललो. तिरडीपाशी उभ्या सगळ्यांनी ऐकलं.

ओली तुरटी मुरल्याशिवाय कापड कढईत घालू नये, हे आमच्या घरात पोराला अक्षरांच्या आधी शिकवतात. मी सात वर्षांचा असताना एवढ्याच चुकीसाठी बापानं मला कढईतल्या दांड्यानं मारलं होतं. मला ठाऊक होतं. चार दिवस कुठले, मला तासभर थांबवेना. तिसरा ठसा कुणाचा, बाईचा की कुलपाचा, हे तिला उचलायच्या आधी मला पाहिजे होतं. मी कापड घातलं आणि बांबूनं दाबून धरलं.

पाऊण तासानं काढलं. अख्खं गाव वर आलं होतं. पोरींना अजून न भेटलेल्या गल्ल्या, देवळामागचं तळं, नदीच्या वरच्या अंगाला वाकून कापड धुणारी एक बाई, जिचा गावाला पत्ता नव्हता. आधीचं छापलेलं मुरलेलं होतं, रेघ न् रेघ तांबडी, स्वच्छ. मेघनानं बघितलं नाही. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी वेशीपाशी आलो. तिथं कच्ची तुरटी पाण्यात सुटून पसरली होती. तळहाताएवढा तांबडा डाग. घर नाही, दार नाही, मी नाही, माझ्याशेजारी कुणी होतं की नव्हतं तेही नाही. डाग उलटा करून पाहिला, उन्हासमोर धरून पाहिला.

मुलगा म्हणाला, "झालं का?" मी झालं म्हणालो. कापड पिळून दोरीवर टाकलं, लाल झालेल्या हातांनीच तिरडीला खांदा दिला, आणि चालता चालता मला एवढंच कळलं, की गेलेल्या माणसाजवळ आपल्याबद्दल जे असतं ते माणूस घेऊन जात नाही. ते इथंच सोडतं, मुरायला ठेवून, आणि आपण असे, की आपल्याला सकाळभरही धीर धरवत नाही.