रिकाम्या थैल्यांवरची सफर

मारोतरावांनी उभ्या जन्मात कधी पैनगंगाही नावेतून ओलांडली नव्हती, आणि आता ते थेट ग्रीसच्या समुद्रात, डोक्यावर बियाणे कंपनीची पांढरी टोपी घालून, जहाजाचा कठडा धरून उभे होते. कठडा असा घट्ट धरलेला, की फोटो काढतानाही हात सुटला नाही. विदर्भातले बारा कृषी केंद्रवाले आणि त्यांच्या बारा बायका, अशा चोवीस टोप्या जहाजावर होत्या. कांताबाईंनी आपली टोपी डोक्यावरच्या पदरावर चढवली होती. नवऱ्याकडे बघून त्यांना हसू आवरत नव्हतं. पांढरकवड्याच्या दुकानात हाच माणूस गिऱ्हाइकांना सल्ले देताना केवढी छाती काढून बोलायचा!

जहाज लहानसं होतं, चाळीसेक माणसांचं. मोठ्या बंदरांच्या वाटेला ते जातच नसे. मोडकी देवळं आणि उकरून काढलेली गावं असलेल्या बेटांपाशी थांबायचं आणि रबरी होड्यांतून माणसांना किनाऱ्यावर सोडायचं, एवढंच त्याचं काम. सोबत एक म्हातारे गोरे प्राध्यापक होते. चार हजार वर्षांपूर्वी इथली माणसं काय खात होती, हे ते काल त्यांच्याकडे जेवून आल्यासारखं सांगत. कंपनीचा साहेब अमर मूळचा अकोल्याचा, तो त्याचं मराठी करी. बाकी मंडळींना चार हजार वर्षांचं काही पडलं नव्हतं. त्यांचा जीव चिवड्याच्या डब्यात. ऐकायच्या त्या एकट्या कांताबाई. सातवीत शाळा सुटली तेव्हा त्या दोन दिवस जेवल्या नव्हत्या, अशी ती बाई.

ही सफर काही आकाशातून पडली नव्हती, ती थैल्यांवर मिळाली होती. कपाशीचे दिवस वाईट होते. पेपर उघडला की यवतमाळचं नाव, आणि ते चांगल्या कारणानं कधीच नाही. अशात कंपनीनं नवं बियाणं आणलं आणि दुकानदारांना सांगितलं, जास्त विकेल त्याला जहाज. पण नुसता विक्रीचा कागद चालणार नाही. रिकाम्या थैल्या गोळा करून दाखवा, म्हणजे बियाणं खरंच मातीत गेलं हे कळेल. थैली परत करणाऱ्याला स्टीलचा डबा.

यात कुणाला काय खटकणार? कांताबाई तर कंबर कसून निघाल्या. मारोतरावांनी मागितल्या तर लोक थैल्या द्यायला कुरकुर करत. जुन्या माणसांना त्या जपून ठेवायची सवय. का, ते कांताबाईंनी कधी विचारलं नाही. त्यांनी ओसरीवर बसून चहा घेतला की बायका आपणहून थैल्या काढून देत. कुणी थैलीत मेथ्या भरल्या होत्या, कुणी लेकराच्या पुस्तकाला कव्हर घातलं होतं, तेही काढून दिलं. माहेरी केळापूरला धाकट्या भावानं, विठ्ठलनं, सगळ्या थैल्या एकगठ्ठा पुढ्यात ठेवल्या. "घे बाई, तुह्या जहाजाले लागते तं घे," म्हणाला. ते बियाणं त्यानं पेरलं होतं तेच मुळी बहिणीच्या शब्दावर. आताही तोच बायकोला घेऊन बहिणीचं घर राखायला आणि म्हशीला चारापाणी करायला पांढरकवड्याला येऊन राहिला होता.

तिसऱ्या दिवशी होड्या एका उघड्याबोडक्या बेटाला लागल्या. धक्क्यावर चार घरं, एक चहाकॉफीचं दुकान, एक टेलिफोनचं खोकं. वर टेकडीवर कमरेएवढ्या भिंती उरलेलं जुनं गाव आणि शेजारी दोन खोल्यांचं संग्रहालय. तिथल्या काचेच्या कपाटात मातीचे गोळे मांडले होते, बोराएवढे, सुपारीएवढे, प्रत्येकावर कसला ना कसला ठसा. धान्याच्या रांजणाचं तोंड दोरीनं बांधायचं, गाठीवर ओली माती थापायची, वर देणाऱ्याचा ठसा उमटवायचा, अशी रीत होती म्हणे. रांजण उघडला की ती माती फुटायची. पण फेकून देत नसत.

"फुटकी माती कायले ठेवत असन?" कांताबाईंनी विचारलं.

अमरनं प्राध्यापकांना विचारलं आणि त्यांचं उत्तर मराठीत तोंडातून निघून गेल्यावरच त्याच्या लक्षात आलं असावं की आपण काय बोलतोय. "उद्या माल खराब निघाला तर घेणाऱ्यानं दाखवायचं काय? हा त्याचा पुरावा. तो हातात असेपर्यंत देणाऱ्याला हात झटकता येत नव्हते."

कांताबाई खुदकन हसल्या. "म्हंजे आपल्या थैल्यावानीच की! फरक एवढाच, का आपण त्या बंद्याच्या बंद्या वापस घेऊन घेतल्या."

त्यांना वाटलं, सगळे हसतील. एकही हसला नाही. चिवडा खाणाऱ्यांचे हात थांबले. अमरनं मान फिरवून कपाटाकडे बघितलं. प्राध्यापक बिचारे या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत राहिले. आणि मारोतरावांनी बायकोचं मनगट एवढ्या जोरात दाबलं की बांगडी रुतली. "चूप बस ना," ते पुटपुटले. वीस वर्षांच्या संसारात त्यांनी तिला चारचौघांत असं कधी केलं नव्हतं.

काय चुकलं आपलं? टेकडी उतरताना कांताबाईंना काही सुचेना. पहिल्या होडीतून अमर आणि निम्मी मंडळी जहाजाकडे निघून गेली. दुसरी होडी यायची होती. वणीच्या दुकानदाराची बायको इंदुताई धक्क्यावर शेजारी येऊन बसली.

"तुम्ही खरंच भोळ्या, का सोंग करून राह्यल्या?"

"कायचं सोंग?"

इंदुताईनं त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अवो, आमच्या तिकडं त्या बियाण्याले बोंडंच नाई लागली. पऱ्हाटी माणसाएवढी वाढली, पण फूल धरायच्या आंधीच पात्या गळून राह्यल्या. इकडं तिकडं बंदीकडं तसंच. आता तक्रार घेऊन गेलं का शेतीखात्याचा साहेब पह्यले थैली मागते. लेबल तिलेच शिवून असते. अन् पक्की पावती कोण देल्ली? बंद्या दुकानदारायनं चिठोऱ्यावर लिहून देल्लं."

"मंग लोक काय दाखवतीन?"

"डबा," इंदुताई म्हणाली. "स्टीलचा."

कांताबाईंना धक्का बसला म्हणणं फार थोडं झालं. डोळ्यांपुढचा समुद्र दिसेनासा झाला. ओसऱ्याच ओसऱ्या दिसायला लागल्या, आणि प्रत्येक ओसरीवर थैली हातात देणारी एक बाई. त्या तशाच उठल्या आणि दगडावर बसलेल्या नवऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"बोंडं लागली नाईत, हे तुमाले माहीत होतं?"

मारोतरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "कानावर आलतं."

"आपल्या वावरात तं लागली. तुम्हीच सांगतलं, झाड वाकलं म्हणून."

ते टोपीची शिवण चाचपू लागले.

"आपल्या वावरात काय पेरलं?"

"जुनं वाण," ते हळूच म्हणाले. "नव्याचा भरोसा नोयता मले."

भरवसा नव्हता! ज्याचा भरवसा नव्हता ते या माणसानं अख्ख्या तालुक्याला विकलं, आणि आपलं वावर तेवढं बाजूला काढलं! यांच्याच ताटात आपण वीस वर्षं जेवलो?

"मंग माह्या भावाले काहून देल्लं?"

"म्या कुठं देल्लं? तूच गेलती त्याच्याकडं सांगाले."

ते खरं होतं. खरं होतं म्हणून तर ते कानफटात मारल्यासारखं लागलं. त्या गेल्या होत्या, भावाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या होत्या, तुझ्या भाऊजींच्या दुकानचं आहे, डोळे मिटून पेर. विठ्ठलनं डोळे मिटून पेरलं.

"थैल्या कुठं हायेत?"

"गोदामात. परवा कंपनीचा ट्रक येते. मंग खतम. कोणी काई इचारत नाई अन् आपलं दुकान सलामत राह्यते." मारोतरावांचा आवाज विनवणीवर आला. "आता तमाशा नको करू. परदेशात हावो आपण."

कंपनीनं प्रत्येक जोडप्याला फोनचं एक कार्ड दिलं होतं, ते कांताबाईंच्या पर्समध्ये होतं. टेलिफोनच्या खोक्यापर्यंत चाळीस पावलं असतील. ती चालताना त्यांना सगळं स्वच्छ दिसत होतं. थैल्या ट्रकमध्ये चढल्या तर विठ्ठलचं आणि त्याच्यासारख्या शेकडो घरांचं तोंड कायमचं बंद होणार. थैल्या लोकांच्या हाती गेल्या तर पहिला दगड पांढरकवड्याच्या दुकानावर, म्हणजे आपल्याच घरावर पडणार. त्यांनी पर्समधून कार्ड बाहेर काढलं.

तिकडे फोन विठ्ठलनंच उचलला.

"बाई! कशी हायेस? पाणी पाहून डोकं फिरते का तुह्यं?" तो मोठमोठ्यानं बोलत होता, लांबचा फोन म्हणून.

"इठ्ठल, पऱ्हाटी कशी हाये?"

विठ्ठलचा आवाज एकदम खाली आला. मग तो म्हणाला, "मस्त हाये. तू तिकडची फिकीर नको करू. मजेत फिर. म्हस बी चांगली हाये."

बहिणीची सफर नासू नये म्हणून तो खोटं बोलत होता.

"खोटं नको बोलू माह्यासंग. बोंडं नाई लागली. आयक. मांगच्या गोदामात थैल्या हायेत, तुह्या बी अन् बंद्या गावाच्या बी. परवा ट्रक येते. त्याच्या आंधी गावोगावचे लोक बोलाव अन् ज्याच्या त्याच्या थैल्या त्याले दे."

"गोदामाले तं कुलूप हाये, बाई."

"तोड."

"भाऊजीले माहीत हाये का?" विठ्ठलनं विचारलं. "थैल्या भायेर निंघाल्या तं पह्यलं नाव त्यायचंच येईन. अन् तुह्यं बी."

"समजून उमजूनच सांगून राह्यली. तोड कुलूप."

त्यांनी फोन ठेवला आणि वळल्या. मारोतराव मागेच उभे होते. दुसरी होडी लागल्याचं सांगायला आले होते. एका हातात स्वतःची टोपी, दुसऱ्या हातात बायकोची, वाटेत पडलेली.

"कोणाले फोन केलता?"

"घरी."

"काय म्हणते इठ्ठल? ठीक हाये ना बंदं?"

"कुलूप तोडून राह्यला," कांताबाई म्हणाल्या. "गोदामाचं."

मारोतराव आधी कसनुसं हसले. बायको थट्टा करतेय असं त्यांना वाटलं असावं. मग त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि होते तिथेच, धक्क्याच्या ओल्या फरशीवर, मटकन खाली बसले. होडीवाला हाका मारत होता. कांताबाई त्यांना तिथेच सोडून एकट्याच होडीकडे निघाल्या.