पांढरे खोके

घरात तिला सगळे कात्रीच म्हणायचे. पोरीला दुसरा उद्योगच नव्हता. साबणाचा असो की बिस्किटांचा, खोका रिकामा झाला रे झाला की हिने तो उकलून जमिनीवर पसरलाच, आणि मग त्याच मापाचा नवा, स्वतःच्या चित्रांचा. शाळा अर्धवट सुटली, खोके चिकटवायच्या कारखान्यात काम लागलं, तरी वेड काही गेलं नाही. कॉलेजचं तोंड पाहिलं नाही, पण हात असा बसला, की एका औषध कंपनीतल्या डिझाइनच्या मॅडमनी तिचे खोके पाहून तिला तात्पुरतं ठेवून घेतलं. काम पटलं तर कायम करू म्हणाल्या.

तिथे बाकी सगळे रीतसर शिकलेले. तिचं पहिलं काम बघून शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, "औषधाचं आहे ना हे? मला वाटलं खेळण्यांचं." हसले सगळे. कात्रीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तिने मुकाट्याने त्यांचं काम बघून घेतलं: भरपूर पांढरी जागा, बारीक करडी अक्षरं, रंगाला हात लावायचा नाही. रोजच्या गोळ्यांचे सगळे खोके आणि पाकिटं तिने तशीच केली, एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं. मॅडम म्हणाल्या, "याला म्हणतात काम." या वेळी कुणी हसलं नाही.

आणि तिची आई? तिच्या दोन्ही गोळ्या त्याच कंपनीच्या. शुगरची पिवळ्या खोक्यातली, सकाळी. बीपीची हिरव्यातली, रात्री. डोळे अधू झालेले, अक्षर दिसायचं नाही, सगळी भिस्त रंगावर. हे कात्रीला माहीत नव्हतं म्हणाल तर तसंही नाही, तिनेच तर आईला ती खूण लावून दिली होती. पण टेबलावर बसल्यावर तिला आई आठवली नाही, तो शेजारचा आठवला.

नवे खोके बाजारात आल्यावर तिने ते हौसेने आईच्या हातात ठेवले.

"छान झालेत गं," आई त्यांवरून हात फिरवत म्हणाली. "किती स्वच्छ दिसतात."

"ओळखू येतात ना तुला?"

"मी काय आंधळी आहे का?"

कात्रीला तेच ऐकायचं होतं. ती निवांत झाली.

पुढे एका सकाळी आई उठलीच नाही. शुगर फार खाली गेली होती, डॉक्टरांनी हात टेकले. घरी येऊन कात्रीने खोके उघडले. शुगरची पाकिटं संपत आलेली, बीपीच्या पाकिटाला जेमतेम हात लागलेला. म्हणजे आईने बऱ्याच रात्री शुगरचीच गोळी घेतली होती.

दादा दारात उभा होता. "मी तिला म्हटलं होतं," तो म्हणाला. "तुला फरक कळत नाही, तर कात्रीला सांग. तर माझ्यावरच डाफरली. म्हणे, 'तिच्यापाशी ब्र काढलास तर बघ. पोरीला आधी कायम होऊ दे.' मी घरी असलो की काढून द्यायचो गं. रोज कुठे असायचो मी?"

कात्री तिथेच खाली बसली. आईने एकदा, एकदाच तिच्या कामाला नावं ठेवली असती तर.

पुन्हा कामावर गेल्यावर तिने मॅडमना सगळं सांगितलं आणि रंग परत आणा म्हणाली. मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी उठून दार लावलं.

"फार वाईट झालं. पण हे बाहेर गेलं तर तुझी नोकरी जाईल, माझीही जाईल. तुला कायम करायचं ठरलंय. जरा विचार कर."

ते सगळे खोके त्यांच्या तोंडावर फेकावेत, असं कात्रीला वाटलं. पण ज्या नोकरीसाठी आई तोंड मिटून राहिली तीच सोडली, तर आईने सोसलेलं मातीमोल होणार. असं तिने मनाशी धरलं. ते खरं होतं की सोयीचं, हे तिचं तिलाच ठाऊक.

"बरं, मॅडम," ती म्हणाली.

ती कायम झाली. खोके अजून दुकानात तसेच मिळतात. आणखी कोणाच्या घरी काय झालं असेल, हे ती कुणाला विचारत नाही.