मच्छिंद्रभाऊंच्या हाताखालचं मशीन

माझं मशीन माणसं ओळखतं, असं राहुरीजवळच्या एका दूध डेअरीत सगळ्यांचं ठाम मत झालं होतं. दुधाच्या काट्यावर भीमाबाई बसल्या की ते सुतासारखं सरळ चालायचं. मच्छिंद्रभाऊ बसले की स्क्रीनवर आकडे दिसायचे, पण बोट लावलं तर ढिम्म. बंद करून पुन्हा चालू केलं की ठीक, पण तोवर दारात कॅनची रांग.

काट्याला जोडलेलं, कुणाचं किती दूध ते नोंदवणारं हे मशीन सुप्याच्या एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या कंपनीचं. स्क्रीनला बोट लागलं की ते संगणकाला कळवणारा प्रोग्रॅम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो मी लिहिलेला. दूध येत नसेल तेव्हा बॅटरी वाचवायला मशीन झोपतं आणि हात लागला की जागं होतं. ही झोप आणि जाग मी इतक्यांदा तपासली होती, की "मशीनला मच्छिंद्र चालत न्हाई" हे ऐकून माझं डोकंच फिरलं.

पण थट्टेची वेळ निघून गेली होती. चेअरमन भिमाजींनी ठरवूनच टाकलं होतं की आज संध्याकाळी पुन्हा खोळंबा झाला, तर उद्यापासून काट्यावर भीमाबाई बसतील आणि मच्छिंद्रभाऊ कॅन धुतील. डेअरी निघाल्यापासून काट्यावर तेच बसत आले होते. "त्याच्या हाताला यश न्हाई," असं कुणीतरी बोललेलं भाऊंच्याही कानावर गेलं होतं.

मी दुपारीच सावेडीच्या घरून स्कूटरवर पोचले. मशीन झोपवलं आणि भाऊंना उठवायला सांगितलं. त्यांनी निखाऱ्याला लावावं तसं एक बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. मशीन छान उठलं. पुन्हा झोपवलं, पुन्हा उठलं.

"तुमी आल्या का शहान्यावानी वागतंय," ते म्हणाले. "तुमी गेल्या का माझी फजिती."

"भाऊ, कोण आलं कोण गेलं हे त्याला कळत नाही."

"मंग मलाच कसं वळखतंय?"

मला रागच आला, आणि मी संध्याकाळपर्यंत थांबायचं ठरवलं.

संध्याकाळी रांग लागली तेव्हा मी मुद्दाम मागे, माणसांच्या आड उभी राहिले. भाऊंनी चपला दाराशी काढल्या, काट्याला हात लावून कपाळाला नेला, मग मशीनच्या स्क्रीनवर सबंध पंजा टेकवून डोळे मिटले. त्या पंजाखाली मशीन जागं झालं. नमस्कार संपला. भाऊंनी हात उचलून रांगेतल्या पहिल्या सभासदाचा नंबर दाबला, तर ढिम्म.

रांगेत कुणीतरी हसलं. भिमाजी खुर्चीतून उठले. आणि मी? मी आनंदानं नाचायचीच बाकी होते.

झोपेतून उठल्याबरोबर माझा ड्रायव्हर आधी मोकळी स्क्रीन कशी असते ते मोजून घेतो. पुढं बोट ओळखायचं ते त्या मापावरून. भाऊंचा पंजा वर असतानाच तो मोजायचा आणि पंजालाच मोकळी स्क्रीन समजून बसायचा, मग नुसतं बोट त्याच्या खिजगणतीतच नसायचं! भीमाबाई नमस्कार फक्त काट्याला करत. आणि दुपारी माझ्यासमोर भाऊ नमस्कार करायला लाजले होते. त्यांचं ते एक बोट मोजणी व्हायच्या आत उचललं जात होतं.

"साहेब, थोडा वेळ दूध कागदावर घ्या," मी भिमाजींना म्हणाले आणि भाऊंना सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा पडला.

"म्हंजी माझा नमस्कारच नडला. न्हाई करनार इथून पुढं."

"करायचा. जसा करता तसाच. चूक ड्रायव्हरची आहे."

लॅपटॉप उघडला. झोपण्याआधी मोकळ्या स्क्रीनचं माप जपून ठेवायचं, उठल्यावर तेच वापरायचं, हात वर असताना नवं मोजायचं नाही. काम इवलंसं, पण उतावीळपणानं माझी बोटं भलत्याच कळांवर पडत होती. नवा ड्रायव्हर मशीनमध्ये भरला आणि मशीन झोपवलं. दूध घालून झालेली माणसंही घरी जायची थांबली.

"भाऊ, करा नमस्कार."

त्यांनी एकदा भिमाजींकडे पाहिलं आणि पंजा टेकवला. स्क्रीन उजळली. या वेळी नमस्कार बराच लांबला. मग हात उचलून त्यांनी नंबर दाबला, आणि नंबर उमटला. मी एवढ्या मोठ्यानं "चाललं!" म्हणाले की बाहेरची म्हैस बुजली.

भिमाजी परत खुर्चीत बसले.

"मच्छिंद्रा, काटा तुझाच," ते म्हणाले. "घे आता, दूध नासंल."

भाऊंनी बाहीनं डोळे पुसले आणि पुढच्या माणसाला नंबर विचारला.