तेलाच्या बाजूचे दोघे

सेमी-ऑटोमॅटिक रायफलीला तेल लावायचं की ग्रीस, यावरून आमच्या चाकणच्या शस्त्रं बनवणाऱ्या कंपनीत महिनाभर भांडण चाललं होतं. ग्रीसला धूळ चिकटते आणि रायफल अडकते, हे सांगून माझा घसा कोरडा पडला. साहेबांना ग्रीसचाच पुळका. माझ्या बाजूने एकटा नंदकिशोर बोलायचा, कुरुळीतला माझा रूम पार्टनर.

आज धुळीतल्या चाचणीसाठी मी स्वतः तेल लावलं, रायफल त्याच्या हवाली केली आणि साहेबांना आणायला गेलो. तिसऱ्याच गोळीला ती अडकली.

"तेल बाद," म्हणून साहेब निघून गेले.

मी तणतणत बोल्ट उघडला. बोटं निळ्या ग्रीसने बरबटली.

"हात पूस, राव," म्हणत नंदकिशोरने खिशातलं फडकं पुढे केलं. ते आधीच निळं झालं होतं.